व्हिएन्नाचे दोन वॉर्ड आणि गडचिरोलीचा लाल मणी

आज आपण एका जुन्या वहीबद्दल बोलणार आहोत. ही वही आपल्या गावातली नाही, आपल्या देशातलीही नाही. युरोपात व्हिएन्ना नावाचं शहर आहे, तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यातली ही १८४६ सालची वही. त्या दवाखान्यात बाळंतपणाचे दोन वॉर्ड होते. दोन्हीकडे गरीब घरच्या बाया यायच्या, दोन्हीकडे पैसे लागत नव्हते. त्या वर्षी पहिल्या वॉर्डात ४,०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बाया मेल्या. दुसऱ्या वॉर्डात ३,७५४ बाळंतपणं झाली, मेल्या १०५. शंभराचा हिशोब लावला तर पहिल्या वॉर्डात अकराहून जास्त आणि दुसऱ्यात तीनपेक्षा कमी. दवाखाना तोच, शहर तेच, हवापाणी तेच. मग असं का?

बाया मरत होत्या त्या बाळंतपणानंतरच्या तापाने. बाळंत झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थंडी भरायची, अंग तापायचं, पोट फुगायचं, हात लावू देत नव्हतं, आणि काही दिवसांत बाई जायची. आपल्याकडच्या जुन्या बाया ज्याला बाळंतरोग म्हणत, त्यात हाही ताप असायचा. त्या काळी रोगजंतू कुणाला माहीत नव्हते. डॉक्टर म्हणायचे हवा वाईट आहे, कुणी म्हणायचं वॉर्डात गर्दी फार, कुणी म्हणायचं बाईच्या मनाने भीती घेतली.

दोन वॉर्डांत एक फरक मात्र सगळ्यांना दिसत होता. पहिल्या वॉर्डात डॉक्टरकी शिकणारी मुलं शिकायची, दुसऱ्यात सुईणपण शिकणाऱ्या बाया. कोणत्या दिवशी कुठे दाखल करायचं हे ठरलेलं होतं, एक दिवस हा वॉर्ड, दुसऱ्या दिवशी तो. आणि इथे एक गोष्ट ऐका. शहरातल्या बायांना हा फरक बरोबर कळला होता. पहिल्या वॉर्डाच्या दिवशी कळा सुरू झाल्या की बाया गुडघे टेकून, हात जोडून विनवायच्या, मला तिथे नेऊ नका म्हणून. काही जणी मुद्दाम उशीर करायच्या आणि रस्त्यातच बाळंत होऊन मग बाळाला घेऊन दवाखान्यात यायच्या. गंमत म्हणावी की दुःख म्हणावं, रस्त्यावर बाळंत झालेल्या या बाया पहिल्या वॉर्डातल्या बायांपेक्षा जास्त वाचायच्या!

पोथ्या वाचलेल्या प्रोफेसरांना जे उमगलं नव्हतं ते गरीब बायांना ठाऊक होतं. पण त्यांच्या ठाऊक असण्याला किंमत नव्हती. बाया घाबरतात, बाया काहीही बोलतात, असंच धरलं गेलं. हे वाक्य आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे ऐकलेलं आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

१८४६ च्या जुलैमध्ये पहिल्या वॉर्डात इग्नाझ सेमेलवाईस नावाचा एक तरुण डॉक्टर साहाय्यक म्हणून लागला. हंगेरीतला, वय अठ्ठावीस. हा माणूस आपल्या कामाचा का, तर त्याने नुसती हळहळ केली नाही. त्याने एकेक कारण घेतलं आणि तपासलं. गर्दी म्हणता? मोजलं, तर गर्दी दुसऱ्या वॉर्डात जास्त होती, कारण बाया पहिला टाळायच्या. वाईट हवा म्हणता? दोन्ही वॉर्ड शेजारी, हवा एकीला वेगळी आणि दुसरीला वेगळी कशी लागेल?

मग भीतीचं कारण. पहिल्या वॉर्डात कुणी मरणाला टेकली की पाद्री यायचा, आणि त्याच्यापुढे एक माणूस घंटी वाजवत चालायचा. खोल्यांची रचना अशी होती की पाद्रीला बाकीच्या बाळंतिणींच्या मधून जावं लागायचं. घंटी ऐकून बायांच्या पोटात गोळा येतो आणि म्हणून ताप चढतो, असं काहींचं म्हणणं. सेमेलवाईसने पाद्रीला विनंती केली, तुम्ही मागच्या वाटेने या, घंटी वाजवू नका. पाद्रीने ऐकलं. मरणाऱ्यांचा आकडा हलला नाही. दुसऱ्या वॉर्डात बाया कुशीवर बाळंत व्हायच्या, पहिल्यात पाठीवर. मग पहिल्यातही कुशीवर निजवून बघितलं. आकडा हलला नाही. वरच्यांनी नेमलेल्या एका समितीने सांगितलं की मुलं तपासताना दांडगाई करतात, त्यांची संख्या कमी करा. मुलं निम्म्यावर आणली. थोडे दिवस आकडा उतरला आणि मग पहिल्यापेक्षाही वर गेला.

आता आपल्याला वाटेल, हे सगळे प्रयत्न वाया गेले. आम्हाला तसं वाटत नाही. घंटी बंद केली आणि फरक पडला नाही, म्हणजे घंटी हे कारण नव्हतं, एवढं पक्कं झालं. एकावेळी एकच गोष्ट बदलली, आधीचा आकडा हाताशी होता, नंतरचा मोजला, म्हणून हे कळलं. घंटी, कुशी, गर्दी सगळं एकदम बदललं असतं आणि महिनाभर ताप कमी झाला असता, तर कशाने कमी झाला हे कुणाला सांगता आलं नसतं. आपण मिरचीच्या वाफ्यात एकाच वेळी खत बदलतो, बी बदलतो आणि पाण्याची पाळीही बदलतो, आणि मग पीक चांगलं आलं की ज्याचं त्याला श्रेय देतो, तसंच झालं असतं.

उत्तर सापडलं ते एका मरणातून. १८४७ च्या मार्चमध्ये सेमेलवाईसचे मित्र, कोलेच्का नावाचे प्रोफेसर, प्रेताची तपासणी शिकवत असताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली. काही दिवसांत ते गेले. त्यांच्या तपासणीचा कागद वाचताना सेमेलवाईसच्या लक्षात आलं की बाळंतिणींच्या पोटात जे दिसतं तेच इथे दिसतंय. म्हणजे प्रेताचं काहीतरी सुरीवरून रक्तात गेलं. आणि पहिल्या वॉर्डातली मुलं आणि डॉक्टर सकाळी काय करायचे? प्रेतं फाडून शिकायचे आणि तिथून थेट बाळंतिणींना तपासायला यायचे. साबणाने हात धुतले तरी हाताला प्रेताचा वास राहायचा. सुईणी प्रेतं फाडत नव्हत्या. रस्त्यावर बाळंत झालेल्यांना कुणी हात घालून तपासत नव्हतं.

त्याने जुन्या वह्याही काढल्या. दवाखाना १७८४ साली सुरू झाला. तेव्हापासून १८२२ पर्यंत बाळंतिणींचं मरण शंभराला सव्वा होतं. १८२३ पासून तिथे प्रेतं फाडून शिकणं वाढलं, आणि पुढच्या दहा वर्षांत तोच आकडा शंभराला पाचच्या वर गेला. वह्या नीट ठेवल्या होत्या म्हणून पन्नास-साठ वर्षांनी त्या बोलल्या.

१८४७ च्या मेच्या मध्यावर त्याने नियम लावला. वॉर्डात शिरताना दाराशी एक घमेलं, त्यात क्लोरीनचं पाणी, आणि हाताचा वास जाईपर्यंत हात घासून धुवायचे. पुढे खर्च परवडेना म्हणून क्लोरीनचा चुना वापरायला लागले. हा चुना आपल्या ओळखीचा आहे. ग्रामपंचायत पावसाळ्यात विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर टाकते ना, त्याच जातीची ही पावडर.

आता महिन्यांचे आकडे ऐका. एप्रिलमध्ये ३१२ बाळंतपणं, ५७ मरणं. मेमध्ये २९४ बाळंतपणं, ३६ मरणं. जूनमध्ये २६८ आणि ६. जुलैत २५० आणि ३. एप्रिलमध्ये दर पाच-सहा बायांमागे एक जात होती, जुलैत ऐंशीतून एक. पुढच्या वर्षी, १८४८ मध्ये, मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत पहिल्या वॉर्डात एकही बाळंतीण मेली नाही. एक घमेलं, एक पावडर, दाराशी ठेवलेली. नवी इमारत नाही, नवं यंत्र नाही.

पण इथेच थांबलं असतं तर अर्धीच गोष्ट झाली असती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आकडा परत थोडा चढला. ऑक्टोबरात एका पलंगावर गर्भाशयाचा कॅन्सर झालेली बाई दाखल होती, तिच्या अंगावरून घाण जात होती. तपासणीची फेरी तिच्यापासून सुरू व्हायची. तिला तपासून तेच हात पुढच्या बायांना लागले. ओळीने बारा जणी, त्यातल्या अकरा मेल्या. हात वॉर्डात शिरताना धुतले होते, दोन बायांच्या मध्ये नव्हते धुतले. मग नियम बदलला, दर बाईनंतर हात धुवायचे. नियम लावला, वही बघितली, कुठे गळती आहे ते दिसलं, नियम आणखी घट्ट केला. हे असं फेऱ्याफेऱ्यांनी चालतं. आकडा एकदा उतरला म्हणून वही बंद करून ठेवली असती तर त्या अकरा जणी कशाने गेल्या ते कधीच कळलं नसतं.

मग सगळ्या जगाने हात धुवायला सुरुवात केली का? नाही केली. मोठ्या डॉक्टरांना हे पटलं नाही. पटवून घेणं म्हणजे इतकी वर्षं आपल्याच हातांनी बाया मारल्या हे मान्य करणं होतं, आणि सभ्य माणसाचे हात घाणेरडे असतात हेच मुळी त्यांना खपत नव्हतं. १८४९ मध्ये सेमेलवाईसची मुदत संपली, ती वाढवली नाही. तो आपल्या देशात परत गेला, पेस्ट शहरातल्या एका दवाखान्यात सहा वर्षं काम केलं, तिथे ९३३ बाळंतपणांत आठ बाया तापाने गेल्या. तिथेही तेच सिद्ध झालं. पण त्याने पुस्तक लिहायला १८६१ उजाडलं, आणि ज्या प्रोफेसरांनी ऐकलं नाही त्यांना जाहीर पत्रं लिहून खुनी म्हटलं. १८६५ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, वेड्यांच्या दवाखान्यात त्याचा अंत झाला. जखम चिघळून, विष अंगात भिनून. ज्या तऱ्हेच्या विषाशी तो आयुष्यभर भांडला, त्याच तऱ्हेचं.

त्याचं खरं होतं हे आज शाळेतलं पोर सांगेल. तरी आम्हाला वाटतं, त्याच्या गोष्टीत एक उणीव राहिली. ज्यांनी हात धुवायचे होते त्यांना त्याने बरोबर घेतलं नाही. हुकूम होता, देखरेख होती, पण वही त्याची एकट्याची होती. तो गेला आणि वहीही त्याच्याबरोबर गेली. आणि ज्या बायांना पहिल्यापासून ठाऊक होतं, त्यांना तर या सगळ्यात कुणी विचारलंच नाही.

पुढे हीच रीत दवाखान्याबाहेर, कारखान्यांत वाढली, हे जरा नवल आहे. अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट नावाचे एक जण टेलिफोनच्या कारखान्यात काम करत होते. माल तयार झाल्यावर खराब तुकडे बाजूला काढत बसण्यापेक्षा काम चालू असतानाच मोजावं आणि थोडं थोडं सुधारावं, असं त्यांनी मांडलं. त्यांच्या विचाराचे एडवर्ड्स डेमिंग १९५० मध्ये जपानला गेले आणि युद्धात मोडून पडलेल्या तिथल्या कारखानदारांना त्यांनी हे शिकवलं. त्यातून चार पायऱ्यांचं एक चाक तयार झालं. ठरवा, थोड्यावर करून बघा, काय झालं ते तपासा, आणि त्याप्रमाणे पुढचं पाऊल टाका. मग परत ठरवा. अमेरिकेतले लहान मुलांचे डॉक्टर डोनाल्ड बर्विक आणि त्यांच्यासारख्या काहींनी हे चाक परत दवाखान्यांत आणलं, आणि त्याला तीन साधे प्रश्न जोडले गेले. आपल्याला नेमकं काय साधायचं आहे? सुधारणा झाली हे कशावरून ओळखायचं? आणि त्यासाठी कोणता बदल करून बघायचा? यातला मधला प्रश्न सगळ्यात अवघड, आणि बहुतेक सरकारी बैठकांत तोच गाळला जातो. 'सेवा सुधारण्यात येईल' एवढं लिहून सह्या होतात.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. जिल्हा तेव्हा नवा, जंगलाचा, पावसाळ्यात गावंच्या गावं तुटायची. तिथे लहान मुलं मरत होती आणि त्यात न्यूमोनियाची पुष्कळ होती. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वास फार वेगाने चालणं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त चालला, त्याहून मोठ्या तान्ह्या बाळाचा पन्नास किंवा जास्त, तर धोका. वेळेवर गोळी दिली तर बाळ वाचतं.

पण श्वास मोजणार कोण? गावात पहिल्यापासून बाळाजवळ असते ती दाई. आणि यातल्या पुष्कळ दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. कुठल्याही सरकारी कचेरीत इथे फाइल बंद झाली असती, 'दाया अशिक्षित असल्यामुळे शक्य नाही' असा शेरा मारून. तिथे वेगळा विचार झाला. एक साधं उपकरण तयार केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि शेजारी तारेत ओवलेले मणी, दोन ओळींत. एक ओळ अगदी तान्ह्या बाळासाठी, दुसरी जरा मोठ्यासाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला तर बाळाला न्यूमोनिया आहे असं धरायचं. दाईला दहापर्यंत मोजता येत होतं, तेवढ्यावरच भागवलं. मग हे उपकरण दायांच्या हातात देऊन त्यांचं निदान बरोबर येतं का तेही तपासलं गेलं.

ज्या बाईला शिकलेली माणसं अडाणी म्हणायची तिला बदलायला कुणी निघालं नाही, साधन तिच्या हाताला बसेल असं केलं. आपल्या गटांत आम्ही कितीदा बघतो, नवीन फॉर्म येतो आणि बायांना भरता येत नाही, की लगेच प्रशिक्षण लावतात. फॉर्म बदलायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

त्यानंतरचं काम नवजात बाळांचं. तेव्हा जगभर समजूत अशी की अगदी तान्हं बाळ आजारी पडलं तर दवाखान्यातच न्यायला हवं, घरी काही करता येत नाही. आणि खेड्यातली आई तर सव्वा महिना खोलीबाहेर पडत नाही. सर्चने १९९३ पासून तयारी केली. ३९ गावं कामासाठी घेतली, आणि ४७ गावं अशी, की जिथे हा प्रयोग करायचा नाही, फक्त जन्म-मृत्यू मोजायचे. म्हणजे व्हिएन्नाचे दोन वॉर्ड जसे नशिबाने शेजारी होते, तसे इथे ठरवून शेजारी ठेवले. ३९ गावांतल्या बाया निवडल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या. त्यांना आरोग्यदूत म्हणतात.

पहिलं वर्ष, १९९५-९६, या बायांनी मुख्यतः बघितलं आणि लिहिलं. घरोघरी जाऊन बाळाचं वजन, ताप, श्वास, दूध ओढतंय का, बेंबी कशी आहे. त्या वह्यांतून कळलं की निम्म्याहून जास्त बाळांना उपचाराची गरज पडते आणि दवाखान्यापर्यंत शंभरातली तीनसुद्धा पोचत नाहीत. घरातल्या अंधाऱ्या खोलीत काय चालतं हे तोवर कुठल्याच सरकारी कागदावर नव्हतं.

मग एकेक गोष्ट वाढवत नेली. बाळाला ऊबेत ठेवणं, आईचं दूध लवकर पाजणं. पुढच्या वर्षी जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला औषध आणि इंजेक्शन देणं, तेही गावातल्या बाईने. यावर त्या काळी डॉक्टरांच्या भुवया किती वर गेल्या असतील याची कल्पना करा. पण गावात पंधरा दिवसांनी डॉक्टर येऊन वह्या आणि बाळं तपासत होते. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याची रीतही टप्प्याटप्प्याने बदलली. आधी तोंडाने फुंकून, मग नळी आणि मास्क, आणि १९९९ पासून दाबायची पिशवी आणि मास्क. प्रत्येक टप्प्यातली बाळं वेगळी मोजली, म्हणून कोणती रीत जास्त कामाची ते सांगता आलं.

१९९३-९५ मध्ये त्या ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्याच्या आत जायची. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५ च्या आसपास आला. शेजारच्या ४७ गावांत तो जवळजवळ होता तिथेच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकाने हे छापलं. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हे काम देशभरातल्या आशाताईंकडे दिलं. तुमच्या घरी बाळ जन्मलं की आशाताई ठरलेल्या दिवशी येते ना, दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी? घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही? त्या भेटींची मुळं गडचिरोलीच्या या गावांत आहेत.

सेमेलवाईसचं काम त्याच्या नोकरीबरोबर बुडालं आणि गडचिरोलीचं टिकलं, पसरलं. काळ वेगळा, विज्ञान पुढे गेलेलं, हे आहेच. पण आम्हाला एक कारण असं दिसतं की इथे वही गावातल्या बायांच्या हातात होती. ज्या मोजत होत्या त्याच करत होत्या, आणि आकडा उतरला की तो त्यांना पहिल्यांदा कळायचा.

मैत्रिणींनो, वही धरण्यात आपण कुणाला हार जाणार नाही. हप्ता किती, कर्ज किती, दंड कुणाचा, सगळं आपल्याकडे लिहिलेलं असतं. दशसूत्रीत आरोग्य हे एक सूत्र आहे, पण बैठकीत त्याच्यापुढे नुसती 'चर्चा झाली' अशी नोंद होते. चर्चा झाली म्हणजे काय झालं हे सहा महिन्यांनी आपल्यालाही सांगता येत नाही.

महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेख नावाचं काम काही जिल्ह्यांत सुरू झालं होतं. गावातले लोक, त्यात आपल्यासारख्या बायाही, उपकेंद्राच्या आणि दवाखान्याच्या सेवा तपासायचे आणि गावाचं प्रगतिपत्रक भरायचे. चांगलं असेल तिथे हिरवा रंग, बरं असेल तिथे पिवळा, वाईट तिथे लाल. मग जनसुनवाईत ते पत्रक अधिकाऱ्यांसमोर ठेवायचं. अक्षर न येणाऱ्या बाईलाही लाल रंग वाचता येतो, हे त्यातलं मर्म.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. छोटे बदल करा, छोटे बदल करा, असं सांगणारे काही जण मोठ्या मागण्या गिळायला लावतात. उपकेंद्रात आरोग्यसेविकेची जागा दोन वर्षं रिकामी असेल तर तिथे कितीही चांगली वही ठेवा, इंजेक्शन कोण देणार? रस्ता नाही, अ‍ॅम्ब्युलन्स नाही, रक्त नाही, हे प्रश्न ग्रामसभेत आणि वरच्या कचेरीतच मांडायचे. तिथेही मोजलेला आकडा कामाला येतो. 'नर्स कधी येत नाही' म्हटलं की साहेब म्हणतात असं कसं होईल. 'गेल्या तीन महिन्यांत अमुक तारखांना दार बंद होतं' म्हटलं की साहेबांना वही मागवावी लागते.

आणि दुसरं, मोजणं म्हणजे कुणाला पकडणं नव्हे. आपली आशाताई, आरोग्यसेविका, अंगणवाडीताई या आपल्यातल्याच बाया आहेत. त्यांना न सांगता वही सुरू केली तर त्या ती आपल्याविरुद्धची तक्रार समजतील, आणि समजल्या तर त्यांचं चुकणार नाही. पहिल्या दिवशी त्यांच्याशी बसून ठरवायचं की काय मोजायचं.

आता एक काम सुचवतो, करून बघा. गावात महिन्यातून एकदा अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिन होतो. तिथे आलेल्या गरोदर बाईचं वजन, बीपी, रक्त, लघवी आणि पोट, इतक्या तपासण्या व्हायला हव्यात. तुमच्या अंगणवाडीत किती होतात? पोटाची तपासणी पुष्कळ ठिकाणी राहते, कारण आडोसा नसतो. एकच खोली, दारात पोरं, बाहेर बाप्ये. बाई लाजते, आरोग्यसेविकाही मग आग्रह धरत नाही. पोटावर हात ठेवल्याशिवाय बाळ आडवं आहे का, वाढ बरोबर आहे का, हे कळणार कसं? तर या महिन्यात काहीच बदलायचं नाही, फक्त मोजायचं. वहीच्या पानावर पाच उभे रकाने आखा. दर बाईमागे जी तपासणी झाली त्या रकान्यात एक रेघ. बाईचं नाव लिहायचं नाही, ही गोष्ट पाळाच. पुढच्या महिन्यात कोपऱ्यात दोरी बांधून दोन जुन्या साड्यांचा पडदा लावा. दुसरं काही बदलू नका. परत रेघा मारा. तिसऱ्या महिन्यात पुन्हा.

पडद्याने रेघा वाढल्या तर पडदा कायमचा करायला ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या निधीतून पैसे मागता येतात, त्या समितीत आपल्या बाया आहेतच. नाही वाढल्या तर आरोग्यसेविकेला आणि आलेल्या गरोदर बायांना विचारा की अडतंय कुठे. टेबल नाही का, चटईवर निजायला नको वाटतं का, की आरोग्यसेविकेला एका दिवसात तीन गावं करायची असतात? जे कळेल त्यातून पुढच्या महिन्याचा एक बदल ठरवा.

गटाच्या सचिवताईंनी तीन महिन्यांच्या रेघांची बेरीज रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर पाठवावी, कोऱ्या कागदावर चालेल. आकडे याच कार्यक्रमात वाचून दाखवू. ज्यांच्या रेघा वाढल्या नाहीत त्यांचेही हवेत, आणि त्यांनी पुढे काय करून बघितलं तेही सोबत लिहा.